वासाचा रकाना

ती घटना आजही आठवते, आणि डोळ्यांच्या आधी ती नाकाला आठवते. कुठेही सुक्या बोंबलांचा वास आला की माझ्यासमोर एक पत्र्याची शेड उभी राहते. आत बाकांवर बारा पोलीस खाली मान घालून पेपर लिहितायत आणि दाराशी एक मांजर आशेने बसलंय.

नाव कुणाचंच देणार नाही. ठाणं कुठलं तेही विचारू नका. तारापूरच्या कारखान्यांपासून सायकलने जाण्याइतकं जवळ होतं, एवढं पुरे. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. खांद्यावर दोन तारे लावलेला मी स्वतःवर बेहद्द खूश असलेला तरुण फौजदार होतो. खूश असायला कारणही होतं. तपासाचा खास अभ्यासक्रम करून, पहिल्या वर्गात पास होऊन मी परत आलो होतो आणि भेटेल त्याला ते सांगत होतो. शेवटी उपअधीक्षक साहेब कंटाळून म्हणाले, "एवढं शिकून आलायस, तर आता शिकव. आजूबाजूच्या ठाण्यांतले बारा जण देतो. तीन आठवड्यांत त्यांना तपास यायला पाहिजे."

जप्तीच्या सायकली ठेवायची शेड रिकामी करून आम्ही वर्ग भरवला. सकाळी आठला हजेरी, मग दोन तास पाठ, मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात पायाचे ठसे घेतले जात, पुडकं बांधून लाखेने मोहोर केली जाई आणि चहावाल्याला आरोपी करून त्याचा जबाब नोंदवला जाई. चहावाला दर वेळी गुन्हा कबूल करायचा, कारण त्याला दुकानात परत जायची घाई असे.

पंचनाम्यावर माझा फार भर होता. आमच्याकडे पंचनामा म्हणजे "वर्णनाप्रमाणे एक माळ" असा मामला असे. कसली, केवढी, काही पत्ता नाही. मी फळ्यावर पाच रकाने आखले. रंग, माप, वजन, खूण आणि वास. पहिले चार पुस्तकातले होते, पाचवा माझा स्वतःचा. किनाऱ्यावरच्या वस्तूला मासळीचा वास येतो, कारखान्यातल्या वस्तूला रसायनाचा, वाडीतल्या वस्तूला ओल्या मातीचा. वस्तू कुठून आली ते नाक सांगतं, असं माझं म्हणणं.

मुद्देमाल सांभाळणारे हवालदार निवृत्तीला आलेले आणि तोंडाने तिखट होते. ते शेडच्या दारात उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "साहेब, बाकी सगळं ठीक. पण वास कोर्टात हजर कसा करायचा? बाटलीत भरून?"

सगळा वर्ग हसला. मला राग आला. त्या रागात मी फर्मान काढलं की ज्याच्या पंचनाम्यात वासाचा रकाना कोरा असेल त्याने ग्राउंडला पाच फेऱ्या मारायच्या. वास येत नसेल तर "वास येत नाही" असं लिहायचं, सर्दी असेल तर "सर्दी असल्याने सांगता येत नाही" असं लिहायचं. कोरा ठेवायचा नाही. आठ दिवसांत बाराही जणांच्या हाताला अशी सवय लागली की एकाने रजेच्या अर्जातसुद्धा वास लिहिला असता.

या बारांत एक हिरा होता. मी त्याला मॉनिटर केलं होतं. अक्षर सुंदर, वागणं नम्र, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला नको. वर्ग सुटल्यावर बाकीचे विड्या ओढायला जात, हा मुद्देमालाच्या खोलीत जाऊन हवालदारांना पुडकी लावायला मदत करी. असे चार पोरगे मिळाले तर जिल्ह्यात चोर उरणार नाही, असं मी साहेबांना लिहूनही कळवलं होतं.

एका शुक्रवारी सकाळी ठाण्यात घिवलीची एक मावशी आली. डोक्यावर रिकामी टोपली, हातात एक कागद. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "माजी माळ दे."

"कसली माळ?"

"काल तुमच्या मानसानी नेली ती. कागद हाय माज्याकडे. कागदाबिगर दिली नाय मी."

हळूहळू सगळं कळलं. गुरुवारी दुपारी मासळी विकून ती बोईसरहून परत निघाली होती. कारखान्यांच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून एक माणूस आला. खाकी पँट, पांढरा शर्ट, काळा चष्मा आणि नाकाला रुमाल. त्या रस्त्यावर हवेतल्या रसायनामुळे सगळेच नाकाला रुमाल बांधत, त्यात वावगं काही नव्हतं. तो म्हणाला, पोलीस आहे, पुढे लूट झालीय, बायकांचे दागिने ठाण्यात जमा करायचा हुकूम आहे, उद्या घेऊन जा. मावशीने गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ काढली खरी, पण मुठीत धरून ठेवली.

"मी सांगितलं, पयला कागद लिव. माजा नवरा चौती शिकलाय, त्याला वाचता येतं. कायपन खरडशील तर चालनार नाय. मग त्याने गाडीवर कागद ठेवून लिवला नि मला वाचून दाखवला. आईची माळ हाय माज्या, मी अशी देईन काय?"

कागद मी खिशात टाकला. वाचायचा तो नंतर, असं ठरवलं. तोतया पोलीस! माझ्या वर्गाला याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठून मिळणार? मी बारा जणांना सहा जोड्यांत रस्त्यावर सोडलं. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. बाईची माळ गेली आणि मला आनंद झाला, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

तीन वाजता मॉनिटरची जोडी माणूस घेऊन आली. जागेपासून पन्नास पावलांवरच्या कारखान्याचा वॉचमन. उत्तर प्रदेशातला, पस्तिशीचा, खाकी गणवेश, गळ्यात रुमाल. त्याने मोटरसायकलवाला पाहिला होता हे तो स्वतःच सांगत होता.

"पाहिला, तर हाक का नाही मारली?" मॉनिटरने विचारलं.

"हम काहे को चिल्लाते? वो पुलिसवाला था, साहब."

"कशावरून?"

"जूता पुलिस का था."

सगळे हसले. मीही. वर्गाकडे वळून मी म्हणालो, "बघा. संशयित पहिल्यांदा बोट दाखवतो ते पोलिसाकडेच." बारा जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. वॉचमनचं वाक्य मात्र कुणीच उतरवून घेतलं नाही.

मॉनिटरचा तर्क बिनतोड होता. हा वॉचमन मराठी बोलत नाही, त्याला लिहिता येत नाही, म्हणजे माळ नेणारा दुसरा आहे. हा फक्त नजर ठेवायला उभा होता. याच्याकडून साथीदाराचं नाव काढायचं. आळीपाळीने सगळ्यांनी त्याला विचारलं. नाव सांग, नाव सांग. त्याच्याकडे नावच नव्हतं. माझ्यासमोर त्याला दोन थपडा बसल्या आणि मी त्या थांबवल्या नाहीत. संध्याकाळी साहेबांनी फोनवर अटक दाखवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पालघरच्या कोर्टात हजर करून कोठडी मागायची. कारखान्याच्या मॅनेजरने निरोप पाठवला की अटक झाली असेल तर उद्यापासून नवा वॉचमन बघतो. तो निरोप ऐकून तो माणूस लॉकअपच्या गजांपाशी उकिडवा बसला आणि मला म्हणाला, "साहब, नौकरी गई तो गाँव में पाँच लोग भूखे रहेंगे. जूता देख लीजिए एक बार. सबका जूता देख लीजिए."

मी त्याला चहा पाठवला. तेवढंच केलं.

मग टेबलाशी बसून मी तो कागद उलगडला. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं, डाव्या हाताने लिहिल्यासारखं. पण मजकूर वाचला आणि माझा चहा कपातच राहिला.

"पिवळ्या धातूच्या मण्यांची माळ एक. रंग पिवळा. लांबी अंदाजे दीड वीत. वजन अंदाजे दोन तोळे. खूण, फासा वाकलेला. माळेस मासळीचा वास येतो."

पिवळ्या धातूची! सगळं जग सोन्याला सोनं म्हणतं. सोनाराने तपासेपर्यंत त्याला "पिवळा धातू" म्हणणारी जात एकच, ती आमची. तरी मी मनाशी म्हटलं, असेल एखादा कोर्टात फेऱ्या मारून शहाणा झालेला चोर. पण शेवटचं वाक्य? मावशी अजून बाहेर बाकावर बसलेली होती. माळ घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणत होती. मी तिच्यापाशी गेलो.

"मावशी, कागद लिहिताना त्याने माळेचा वास घेतला होता?"

"वास? कसा घेनार? फडकं नाकावरून हाललं नाय त्याचं."

नाकाला रुमाल बांधून त्याने वास लिहिला होता! त्याला वास आला नव्हता, त्याच्या हाताने रकाना भरला होता. आणि हा रकाना महाराष्ट्राच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो फक्त माझ्या फळ्यावर होता.

म्हणजे चोर माझ्या वर्गात होता. आदल्या दिवशी साहेबांच्या बैठकीसाठी मी पालघरला गेलो होतो. दुपारी वर्गाला सुट्टी होती. बारा जण कुठे होते, कोण जाणे.

त्या संध्याकाळी मी वर्गाकडे पहिल्यांदाच पोलिसाच्या नजरेने पाहिलं. एकजण शिट्टी वाजवत होता. का वाजवतो? दुसरा नवी वही घेऊन आला होता. पैसे कुठले? तिसरा माझ्याकडे बघून हसला, चौथा हसला नाही, आणि दोघंही मला सारखेच गुन्हेगार वाटले. बारा जोड बूट पाहिले. सगळे सरकारी, तपकिरी, एकाच मापाने बिघडलेले. जूता देखून काही उपयोग नव्हता.

मग मला जी कल्पना सुचली तिच्यावर मी अजून खूश आहे. बाजारातून खोट्या मण्यांची एक माळ आणली आणि हवालदारांच्या घरच्या सुक्या बोंबलांच्या डब्यात रात्रभर ठेवून दिली.

शनिवारी आठला हजेरी घेतली आणि जाहीर केलं, "अचानक परीक्षा. ही माळ जप्त झाली आहे असं समजा. प्रत्येकाने हातात घेऊन बघायची आणि वर्णन लिहायचं. पंधरा मिनिटं."

पहिल्याने माळ हातात घेतली आणि मान मागे टाकली. दुसऱ्याला शिंक आली. तिसरा म्हणाला, "साहेब, ही माळ आहे की कालवण?" पत्रा तापू लागला तशी शेड अशी घमघमली की कुठूनसं एक मांजर येऊन दाराशी बसलं. मॉनिटरने माळ शांतपणे घेतली, दोरीने मापली, फासा पाहिला आणि पुढे दिली.

मी कागद गोळा केले आणि उभ्या उभ्या वाचले. अकरा कागदांवर वास होता. कुणी "सुक्या मासळीचा", कुणी "बोंबलाचा, तीव्र", एकाने तर "वास असह्य" असं लिहून खाली सही केली होती. बाराव्या कागदावर सुंदर अक्षरात रंग होता, माप होतं, वजन होतं, खूण होती. वास नव्हता.

बाराव्या कागदावर माझ्या सगळ्यात हुशार पोराची सही होती.

ज्याने तीन आठवड्यांत एकदाही तो रकाना सोडला नव्हता, त्याने मांजरालासुद्धा कळलेला वास सोडला होता. कारण मावशी ठाण्यात कागद घेऊन आल्याचं त्याने पाहिलं होतं, आणि त्या कागदावर काय लिहिलंय हे वर्गातल्या बारा जणांपैकी फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक होतं.

बाकीच्यांना चहाला पाठवलं आणि मी त्याच्यासमोर बसलो.

"वासाचा रकाना राहिला?"

"सर्दी झालीय, साहेब."

"सर्दी झाली तर काय लिहायचं?"

तो हसला. "विसरलो. पाच फेऱ्या मारतो."

मी गप्प बसलो. तोही गप्प बसला, आणि मिनिटाभराने म्हणाला, "गप्प बसलं की आरोपी अस्वस्थ होऊन बोलतो. दुसरा आठवडा, मंगळवार. आता तुम्ही घरच्यांची चौकशी कराल."

"गुरुवारी दुपारी कुठे होतास?"

"आता थेट प्रश्न. त्यानंतर, आम्हाला सगळं कळलंय, असं म्हणायचं असतं." त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. चांगला विद्यार्थी धडा म्हणून दाखवतो तसा तो बोलत होता. "साहेब, कोऱ्या रकान्यावर कुणाला अटक होत नाही. आधी मुद्देमाल पाहिजे. मुद्देमाल कुठाय?"

घड्याळात साडेनऊ वाजले होते. बाहेर वॉचमनला पालघरला न्यायची जीप उभी होती.

मुद्देमाल कुठाय? हा प्रश्नही मीच शिकवला होता. चोर वस्तू तिथे ठेवतो जिथे शोधणारा बघणार नाही. मग पोलीस कुठे बघत नाही? पोलीस सगळीकडे बघतो. फक्त जिथे एकदा बघून कुलूप लावलंय तिथे बघत नाही. आणि हा माणूस रोज संध्याकाळी कुठे मदत करायला जात होता?

मी दोन पंच बोलावले आणि मुद्देमालाची खोली उघडायला लावली. हवालदार किल्ली फिरवताना पुटपुटले, "माझ्या खोलीत चोरी? तो तुमचा हुशार सोडला तर इथे कुणी येत नाही."

आत दीड-दोनशे पुडकी. आमच्या लेबलांची तऱ्हा सांगू नये. "सुरा." "कपडे वगैरे." "गुन्ह्यातील वस्तू." एका पुडक्यावर नुसतं "तेच" असं लिहिलं होतं. हवालदार एकेक पुडकं पंचांपुढे धरत होते. तिसऱ्या फळीवर, मागच्या रांगेत, मुठीएवढं एक पुडकं निघालं. एका जुन्या गुन्ह्याचा नंबर, लाखेची स्वच्छ मोहोर, आणि लेबलावर पाच ओळी. रंग, माप, वजन, खूण, वास.

अख्ख्या खोलीत मी शिकवल्याप्रमाणे भरलेलं लेबल ते एकच होतं.

हवालदारांनी लेबल दोनदा वाचलं. मग म्हणाले, "झाला की हो साहेब, तुमचा वास कोर्टात हजर."

मोहोर पंचांसमोर फोडली. वाकलेल्या फाशाची माळ बाहेर आली. मॉनिटर दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला नाही, पण त्याची नजर माळेवर न जाता लेबलावर गेली. आपण कुठे चुकलो ते तो तपासत होता.

"का केलंस?" मी विचारलं. हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

"तुम्ही शिकवलेलं बरोबर आहे का, ते बघत होतो, साहेब. पोलिसावर पोलीस संशय घेत नाही, असं मला वाटत होतं. आणि काल दुपारी तुम्ही नाहीच घेतलात. तो वॉचमन सोडून कुणीच घेतला नाही."

पुढे निलंबन, दोषारोपपत्र, शिक्षा, सगळं रीतसर झालं. जीप पालघरला गेली, पण त्या दिवशीच्या कागदात वॉचमनची सुटका मागितली होती. कारखान्याच्या मॅनेजरला मी स्वतः जाऊन भेटलो आणि नवा वॉचमन परत पाठवून जुन्याला कामावर घ्यायला लावलं. मावशीला माळ कोर्टाच्या हुकमाने मिळाली. तिने ती नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "लाखेचा वास मारतो. आता धुवायला पायजे." सुपुर्दनाम्यावर अंगठा द्यायला सांगितला तेव्हा म्हणाली, "पयला वाच. आनि नीट वाच, तुमच्यात चोर हायेत."

साहेबांनी वर्ग चालू ठेवायला सांगितलं. फक्त अभ्यासक्रमात माझ्या हाताने एक भर पडली. त्यानंतर मी जिथे जिथे शिकवलं, तिथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली. माणूस पहिलं वाक्य जे बोलतो ते आधी लिहून घ्या, त्यावर नंतर हसा. "जूता पुलिस का था" हे वाक्य शुक्रवारी दुपारी तीन वाजता स्टेशन डायरीत लिहिलं असतं, तर एका निरपराध माणसाने आमच्या लॉकअपमध्ये रात्र काढली नसती. नाकाचं कौतुक करण्याच्या नादात मी कान बंद करून बसलो होतो.

वॉचमनने मला त्याच्या पद्धतीने शिकवलं. बंदोबस्ताच्या किंवा चौकशीच्या निमित्ताने त्या कारखान्यात मला पुढे कितीदा तरी जावं लागलं. मी पूर्ण गणवेशात, जीपवर दिवा, आणि हा फाटकात आडवा उभा.

"कार्ड दिखाइए, साहब."

ड्रायव्हर चिडायचा. मी त्याला गप्प करून ओळखपत्र द्यायचो. वॉचमन ते हातात धरायचा. वाचायचा नाही, त्याला वाचता येतच नव्हतं. कार्ड हातात घेऊन तो खाली वाकायचा आणि माझ्या बुटांकडे बघायचा, निवांतपणे, दोन्ही बुटांकडे. मग फाटक उघडायचा. सलाम करायचा नाही. बदलीवरून परत आलो तेव्हाही तेच. माझे तारे वाढले, त्याचे केस पांढरे झाले, तपासणी तीच राहिली.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका कामाने मी त्या रस्त्याने चाललो होतो. फाटकाशी तो होता. मी आपण होऊन थांबलो आणि सवयीने खिशात हात घातला, तेव्हा लक्षात आलं की कार्ड सरकारजमा झालंय.

"कार्ड नही है," मी म्हणालो.

त्याने खाली पाहिलं. पायात साध्या चपला होत्या. त्याने पुष्कळ वेळ पाहिलं, मग वर बघून विचारलं, "जूता गया?"

"गया. रिटायर."

तो केबिनमध्ये गेला आणि स्वतःचं स्टूल बाहेर आणून माझ्यासमोर ठेवलं. त्याच्यावरची धूळ गळ्यातल्या रुमालाने पुसली.

"तो बैठिए," तो म्हणाला. "अब चाय पिलाते हैं."